मेघाच्या नावाचा लिप बाम

२ जानेवारी

औषध कंपनीचा माणूस लॅबमध्ये डायऱ्या वाटून गेला. डॉक्टरांना जाड पुठ्ठ्याच्या, आम्हा काउंटरवाल्यांना ही पातळ. प्रत्येक पानाच्या खाली आरोग्याचं एक वाक्य छापलेलं आहे. आजचं आहे, ‘भरपूर पाणी प्या.’ पिते बाई. फुकट मिळालेली वस्तू पडून राहिली की माझा जीव वरखाली होतो, म्हणून लिहायला बसले. रोज लिहीन असं काही नाही.

नवीन वर्ष तापात सुरू झालं. काल उतरला, आणि उतरता उतरता खालच्या ओठाच्या कोपऱ्यात जर मुतला, बारीक फोड उठले. थंडीत एकदा तरी मुततोच. माहेरी आम्हा सगळ्यांना व्हायचं. आई म्हणायची, अंगातली उष्णता बाहेर पडली, आता ताप परत फिरत नाही. फोडांचा झुपका झालाय, झोंबतो, पण खपली धरली की संपलं.

यंदा थंडी अशी पडली आहे की ओठ कागदासारखे झालेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लिप बामच द्यायचे ठरवले. इतवारीत ठोक भावात छान गुलाबी डब्या मिळाल्या. सुशील म्हणाले, “बायका हसतील.” हसू देत. दरवर्षी प्लास्टिकच्या चाळण्या घेऊन तरी कोण रडतं?

वाणातली डबी आधीच कशाला फोडायची, म्हणून भूमिकाच्या किटबॅगेतला लिप बाम घेऊन ओठांना लावला. कोपऱ्यात जरा जास्तच थापला. ती ओरडली, “आई, तो माझा आहे नं! दुसऱ्याचं उष्टं नाही लावत, तूच तर सांगते.”

म्हटलं, “आईचं कुठे उष्टं असते वं?”

तोंड वाकडं करून बॅग उचलली आणि गेली. सोळाव्या वर्षी मुली अशाच असतात म्हणे.

५ जानेवारी

रविवार. लॅब बंद, म्हणून पहिल्यांदाच निवांत बसून भूमिकाची बॅडमिंटनची प्रॅक्टिस पाहिली. एरवी शक्यच नसतं. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक उजाडायच्या आत येऊन बसतात, त्यामुळे मी अंधारातच घरून निघते. सुशील वर्ध्याच्या गाडीला पळतात. भूमिकाला प्रतापनगरहून हॉलवर नेणं आणि परत आणणं हे दोन वर्षांपासून मेघाचे बाबा करतात. नागसेनदादा जयताळ्याला राहतात, हिंगण्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहेत. आधी आमच्याकडे येतात, भूमिकाला घेतात, दोघी मुली मागे, टिबल सीट. एवढं करून कधी घरात येत नाहीत. फाटकाशीच थांबतात. मीही घाईत असते, आग्रह राहून जातो.

भूमिका जाळीपाशी खेळते आणि मेघा मागून मारते. ती मारायला लागली की मला वाटतं, ते फूल फुटणार. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत, बोलत नाहीत, तरी एकीला कळतं दुसरी कुठे जाणार आहे. त्यांचे कोच चंद्रभान सर म्हणाले, “मॅडम, अशी जोडी बनवता येत नाही. जमली तर जमते.” फेब्रुवारीत विभागाची स्पर्धा आहे. तिथे चांगलं खेळल्या तर दोघींचंही नाव राज्याच्या शिबिराला जाईल. भूमिका वर्षभर दुसरं काही बोलत नाही.

मधल्या सुट्टीत बाकावर बसल्या होत्या. मेघाने न बघता हात पुढे केला, भूमिकाने न बघता लिप बाम ठेवला. लावला, परत दिला. मला हसू आलं. नवरा-बायकोतसुद्धा इतकं जमत नाही.

११ जानेवारी

भूमिकाच्या ओठावर पुरळ. वरच्या ओठाच्या कडेला चार-पाच बारीक फोड, खाली लाल. म्हणते, दोन दिवसांपासून चुरचुरत होतं. मला सांगायला काय झालं होतं? तूप लावलं आणि बेंबीत तेल सोडलं. ती म्हणाली, “ओठाला झालं न् बेंबीत काय करून राहिली?” औषध कुठे लागू पडतं हे हिला माहीत!

१२ जानेवारी

वाढलं. खालीही आले, ओठ सुजलाय, अंगात कणकण. पोरीला जेवता येईना, वरणाचं पाणी चमच्याने पाजलं. मला कसंतरीच झालं. इतकं गोड तोंड आहे तिचं.

मी लॅबमध्ये बारा वर्षं काढली आहेत. डॉक्टर नाही, पण रिपोर्ट छापून छापून कशाचं काय ते कळतं. हा संसर्ग आहे. घरात तर कुणाला काही नाही, म्हणजे बाहेरून आला. आधी मनात नको ते आलं. सोळावं वर्ष, ओठ, असलं काहीतरी. आडून आडून विचारलं. तिला कळलं आणि तिने उशी फेकून मारली. सुटले एकदाची.

मग आठवला तो लिप बाम. “कोण कोण लावते तो?” म्हटलं. “मी न् मेघा,” ती म्हणाली, आणि वर म्हणे, “तूही तर लावला होता.” वाद घालायला हिला कुणी शिकवायला नको. आईचा विषय कुठून आला?

लिप बाम केराच्या डब्यात टाकला.

१४ जानेवारी

संक्रांत. मेघा तिळगूळ घेऊन आली होती, भूमिकाला बघायला. तिच्या आईने खोबरं घालून केलेल्या वड्या होत्या. मी तिला उजेडात बसवलं आणि नीट पाहिलं. वरच्या ओठाच्या कडेने पांढुरके, पिवळसर बारीक ठिपके आहेत तिच्या. मोहरीपेक्षा लहान. “हे कधीपासून आहे वं?” तर म्हणाली, “कायचं, काकू? हे तर नेहमीचंच आहे. दुखत नाही काही.” आणि ओठ चाटून हसली.

नेहमीचंच! म्हणजे किती दिवसांपासून हे चालू असेल! लहान मुलीला काय बोलायचं? ती गेल्यावर तिचा पाण्याचा पेला वेगळा घासायला ठेवला. वड्या सुशीलनी खाल्ल्या, मला तीळ पचत नाहीत हल्ली.

घरचे लक्ष देत नसतील. दोघंही नोकरीवर, आई पोस्टात. वेळ कुठे मिळत असेल? कसे राहतात तेही मी कधी पाहिलेलं नाही.

१५ जानेवारी

एक चांगला उपाय सुचला. कुणाचं मन दुखवायचं नाही आणि काळजीही घ्यायची. वाणातल्या दोन डब्या घेतल्या आणि लॅबमधून दोन लेबलं आणली, रक्ताच्या नळीवर लावतो ती. संगणकावर नावं टाकून छापलीसुद्धा. एक भूमिका, एक मेघा. ही लेबलं बर्फात ठेवा, पाण्यात ठेवा, सुटत नाहीत. आमच्याकडे एक वेळ सगळं खपेल, एकाचं लेबल दुसऱ्याच्या नळीवर खपत नाही. तिथे मी फार काटेकोर आहे, डॉक्टरही मानतात.

संध्याकाळी नागसेनदादा भूमिकाची चौकशी करायला फाटकाशी आले होते. तिळगूळ दिला आणि मेघाची डबी त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, “दादा, आपापलं वेगळं असलेलं बरं. मुली एकमेकींचं लावतात. मेघाच्या ओठावर काही आहे, दाखवून घ्या कुठे. आणि पाण्याची बाटलीही तिची तिला वेगळी देत जा.” अगदी गोड बोलून सांगितलं.

त्यांनी डबी फिरवून नाव वाचलं. जरा वेळ वाचतच राहिले, इतकुशा नावात वाचायचं काय होतं कोण जाणे. मग खिशात ठेवली. “बरं आहे, ताई,” म्हणाले. गाडी सुरू केली आणि गेले. समजूतदार माणूस आहे. दुसरा असता तर वाद घातला असता.

१७ जानेवारी

हळदीकुंकू छान झालं. लिप बामचं सगळ्यांनी कौतुक केलं, शोभाताईंनी तर तिथेच उघडून लावला. सामोरच्या घरातल्या त्या, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. “भूमिका दिसून नाही राहिली?” म्हटलं, ओठावर उठलंय, मैत्रिणीकडून लागलं.

“कोणती मैत्रीण? ते जयताळ्याची?”

“आणि काय,” म्हटलं.

“मी म्हणतच होती,” शोभाताई म्हणाल्या आणि त्यांनी बाकीच्यांकडे असं बघितलं की दोघी-तिघींनी माना हलवल्या.

ते काही मला आवडलं नाही. माझ्या मनात तसलं काही नसतं. मी आरोग्याचं बोलत होते. तसं तिथेच म्हणायला हवं होतं, पण ताटात हळदीकुंकू, दारात नव्या बायका, राहून गेलं.

२० जानेवारी

नागसेनदादांचा फोन. शिफ्ट बदलली म्हणे, आता भूमिकाला न्यायला जमणार नाही. नेमकं आत्ताच! आता मला लॅबमध्ये उशिरा येण्याची परवानगी मागावी लागणार. कारखान्यांचं काही खरं नसतं.

चंद्रभान सरांनाही फोन केला. सांगितलं, भूमिका बरी झाली की तिला थोडे दिवस मेघाबरोबर नको, संसर्गाचं प्रकरण आहे. ते म्हणाले, “मॅडम, स्पर्धा तोंडावर आहे. जोडी तुटली तर मी मेघाले दुसरीसोबत उतरवीन, तिचं वर्ष वाया नाही घालवू शकत.” म्हटलं, उतरवा. आधी तब्येत. पानाखालीही तेच छापलंय, ‘आरोग्य हीच संपत्ती.’

भूमिकाला सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी डोक्यावरून हात फिरवला तर डोकं काढून घेतलं.

२३ जानेवारी

फोड वाळताहेत, तपकिरी खपल्या धरल्यात. पोरगी मात्र माझ्याशी बोलत नाही. जेवायला ये म्हटलं की येते. वाढलेलं खाते. बस.

सुशीलनी आज विचारलं, “तू खरंच नावाचं लेबल लावून देलं त्यायले? लॅबचं?” भूमिकाने सांगितलं असणार. हो म्हटलं. ते म्हणाले, “कामिनी, हे बरं नाही केलं.”

काय बरं नाही केलं? डबी दिली, पदरची दिली. उद्या हिच्या ओठावर डाग राहिला असता तर हेच म्हणाले असते, तुझं लक्ष कुठे होतं? सकाळी वर्ध्याला जायचं आणि रात्री येऊन चूक काढायची, सोपं आहे. मला राग आला आहे. पण हे ‘बरं नाही’ कानातून जात नाही, तेही खरं.

२५ जानेवारी

डाग राहायला नको म्हणून भूमिकाला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉ. अरुंधती, तरुण आहेत, हळू बोलतात. मी सगळं सांगितलं. मैत्रीण, तिच्या ओठावरचे ठिपके, लिप बाम. फोनमध्ये मेघाचा फोटोही होता, मोठा करून दाखवला.

त्या म्हणाल्या, “फोटोवरून पक्कं सांगत नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून या तेलाच्या ग्रंथी वाटतात. कितीतरी लोकांना असतात. तो आजार नाही, आणि कुणाला लागतही नाहीत.”

मग भूमिकाच्या खपल्या बघितल्या. “हे वेगळं आहे. हा विषाणू असतो. फोड ओले असताना त्या माणसाचा लिप बाम, टॉवेल, पेला वापरला की लागू शकतो. घरात कुणाला असे येतात का? ताप आला की, थंडीत, ओठाच्या कोपऱ्यात झुपका?”

मी म्हटलं, “छे, घरात कुणाला नाही. मला कधीतरी जर मुततो, तेवढंच.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तेच हे,” त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “नाही नाही, तो तापाचा असतो, अंगातली उष्णता.” त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, बहुतेकांना लहानपणीच घरातल्यांकडून लागतो आणि अंगात राहतो, तापात पुन्हा वर येतो. यात कुणाचा दोष नाही, सगळ्या घरांत असतं. “इतक्यात कधी आला होता तुम्हाला?”

मी भूमिकाकडे बघितलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

घरी आल्यावर म्हटलं, “तुला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. पण वाटलं होतं.”

“मग बोलली काहून नाही?”

“बोलली होती नं. दोनदा बोलली.” आणि मग, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “तू म्हटलं, आईचं कुठे उष्टं असते.”

ती आत गेली. मी ओट्याशी उभी राहिले, कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, वरणाचा पार गाळ झाला.

माझ्या आईकडून मला, माझ्याकडून तिला. आणि मी लेबल लावलं मेघाच्या नावाचं.

२६ जानेवारी

सुट्टी होती. सकाळीच जयताळ्याला गेले, एकटी. सुशील येतो म्हणाले, नको म्हटलं. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. मेघाला समोर बसवून सांगायचं होतं, बाळा, माझं चुकलं, ते तुझ्याकडून नव्हतं, माझ्याकडून होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही, दोन वर्षांत एकदाही गेले नव्हते एवढंच. समोर तुळशीऐवजी गुलाबाच्या कुंड्या, आत भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाची तसबीर, खाली काचेच्या कपाटात मेघाची पदकं. त्यांतल्या अर्ध्या पदकांचे जोडीदार आमच्या घरी आहेत. मेघाची आई जयाताई दारातच म्हणाल्या, “या ताई, बसा,” जसं काही मी दर रविवारी येते. मेघा झेंडावंदनाला शाळेत गेली होती.

मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी काय म्हटलं ते, जर मुतला होता ते, लिप बाम मी लावला होता तेही. म्हटलं, “मेघा येईपर्यंत थांबते. तिची माफी मागायची आहे.”

नागसेनदादा इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. म्हणाले, “ताई, तुम्ही आल्या, चांगलं केलं. पण मेघाले काही नका सांगू.”

“असं कसं? तिच्यावर मी नाहक…”

“तिले माहीतच नाही.”

ते उठले, आतल्या खोलीतून ती गुलाबी डबी आणली. न उघडलेली. लेबल जसंच्या तसं. “मी तिले देलंच नाही हे. तिच्या हातात कसं देऊ? वाचायचं काम माह्यं होतं, मी वाचलं. तिले सांगितलं, माही शिफ्ट बदलली. तिले वाटून राहिलं, भूमिका बिमार आहे, म्हणून सरनं जोडी बदलवली.”

“म्हणूनच सांगायला हवं नं, दादा. माझ्या मनाला…”

“तुमच्या मनाले बरं वाटन, ताई,” ते म्हणाले. आवाज चढला नाही, त्यामुळेच जास्त लागलं. “पण माफी मागाची तर आधी सांगा लागन, काय समजलं होतं ते. अन् ते एकदा ऐकलं, की पोरगी कुठंबी पाणी प्यायच्या आधी विचार करन. भूमिकाच्या घरीबी करन.”

मी म्हटलं, “माझ्या मनात तसं काही नव्हतं हो. खरंच नव्हतं.”

जयाताई चहा घेऊन आल्या होत्या. “नसंन,” त्या म्हणाल्या. “आमच्यासाठी हे काही नवीन नाही, ताई. पण तिच्यापर्यंत अजून आलं नाही. येईन तेव्हा येईन. तुमच्या हातून नको.”

नव्हतं का माझ्या मनात? चहा पिताना मी तेच शोधत होते. डॉक्टरांच्या आधी मला कुणी विचारलं असतं तर मी शपथ घेतली असती. पण शोभाताईंनी विचारलं तेव्हा मी ‘आणि काय’ म्हणाले होते. त्यात आरोग्य कुठे होतं? वड्या मी खाल्ल्या नव्हत्या, आणि मला तीळ चांगला पचतो.

तेवढ्यात मेघा आली. गणवेशाच्या खिशाला छोटा झेंडा. मला बघून दारातच ओरडली, “काकू! भूमिका बरी झाली?” आणि धावत येऊन हात धरला. जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती. नागसेनदादा माझ्याकडे बघत नव्हते, पदकांच्या कपाटाकडे बघत होते.

“झाली बेटा,” म्हटलं. “उद्यापासून येते. तुझ्याचसोबत खेळणार आहे.”

निघताना दादा फाटकापर्यंत आले. डबी माझ्या हातात ठेवली. “हे घेऊन जा. घरात राहिली तर एखाद दिवशी तिच्या हाती लागन.” मी विचारलं, “आणि शिफ्ट?” त्यांनी फाटक उघडलं. “पाहतो,” म्हणाले.

२७ जानेवारी

चंद्रभान सरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. आधी चिडले, मग म्हणाले, दोघी आजच एकत्र उतरल्या आणि दहा मिनिटांत माझा राग पळाला.

शोभाताईंकडे गेले. त्यांना सांगितलं, भूमिकाला ते माझ्याकडून झालं, त्या मुलीकडून नाही, आणि तेव्हा मी जे बोलले ते चूक होतं. त्या म्हणाल्या, “बरं बरं, जाऊ दे.” म्हटलं, जाऊ देऊ नका, ज्यांनी ऐकलं त्यांनाही सांगा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सांगतील असं वाटत नाही. मीच एकेकीला गाठून सांगेन, थोडा वेळ लागेल. ‘संसर्ग’ म्हटलं की गल्लीत लगेच पसरतं, हे कोण पसरवणार?

नागसेनदादा आज आले नाहीत. भूमिकाला मीच सोडलं.

३ फेब्रुवारी

सकाळी फाटकाशी गाडीचा हॉर्न. मी लॅबला जायच्या गडबडीत होते, पदर खोचलेला. पळत बाहेर गेले. म्हटलं, “दादा, आत या, चहा टाकलाय.”

“उशीर होईन, ताई.”

पूर्वी मी इथेच ‘बरं’ म्हणायचे. आज कप घेऊन फाटकाशी गेले, आमच्या रोजच्या कपांतला. त्यांनी उभ्याउभ्याच घेतला, फुंकून फुंकून प्यायले. मुली मागे खिदळत होत्या. शिफ्टचं मी काही विचारलं नाही.

८ फेब्रुवारी

स्पर्धा संपली. उपांत्य सामन्यात हरल्या, तिसऱ्या गेममध्ये, अगदी थोडक्यात. पंधरवड्याची फुटलेली प्रॅक्टिस दिसत होती. दोनदा दोघी एकाच फुलावर धावल्या, जे याआधी कधी झालं नव्हतं. मी गॅलरीत बसून ते बघत होते आणि मला माहीत होतं ते कुणामुळे आहे. शिबिराची नावं महिनाअखेर कळतील. सर म्हणतात, आशा आहे. मी आशेवर आणि देवावर सोडलंय.

मधल्या सुट्टीत मेघाने सवयीने, न बघता, हात पुढे केला. भूमिकाने किटबॅग घट्ट धरली.

“नाही भेटणार. डॉक्टरनं मना केलं. माह्याकडून लागते तुले.”

“तुह्याकडून?” मेघा हसली. “अन् तुले कोणाकडून लागलं होतं?”

मी पहिल्याच रांगेत होते, सगळं ऐकू येत होतं. भूमिकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली.

“घरूनच,” ती म्हणाली.

“घरचंच होतं तर मंग एवढं काय लपून बसली होती!” मेघाने तिला कोपराने ढोसलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. स्वतःचीच बाटली होती. उरलेलं पाणी तिने भूमिकाच्या डोक्यावर ओतलं आणि दोघी किंचाळत कोर्टाकडे पळाल्या.

आता घरी आलोय. भूमिका झोपली आहे. माझे ओठ फुटलेत, आणि डॉक्टरांनी बजावलंय, स्वतःचं वेगळं ठेवा. वाणाच्या डब्या सगळ्या वाटून झाल्या. ड्रॉवरमध्ये एकच उरली होती.

लेबल नखाने काढून पाहिलं. गरम पाण्यात बुडवून पाहिलं, खोबरेल लावून चोळलं. कडा जरा उचलली, नाव तसंच आहे. सुटत नाही, हे मीच सांगत असते सगळ्यांना.

झाकण उघडून ओठांना लावला. आता हाच माझा. संपेपर्यंत रोज लावायचा आणि रोज नाव वाचायचं, एवढं तरी मी कुणाला न सांगता करू शकते.